हडल आणि आईचं आजारपण

५ जानेवारी, सोमवार
नवे मॅनेजर हर्षल सर यांनी आजपासून 'हडल' चालू केली. पावणेनऊला सगळ्यांनी मशीनशेजारी गोल करून खेटून उभं राहायचं आणि एकानं पाच मिनिटं बोलायचं. १५ तारखेपर्यंत सर स्वतः बोलणार. नंतर पहिला नंबर स्टोअरचा, म्हणजे माझा. तारीख १६.
सर अर्धं इंग्रजीत बोलले, म्हणजे आपल्यालाही बोलावं लागणार हे उघड आहे. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, पाच मिनिटं काय चीज आहे!
संकल्प : रोज पाच इंग्रजी शब्द. सुरुवात 'हडल'च्याच भावंडांपासून. भाषणात एकच शब्द दोनदा येता कामा नये.
दुसरा संकल्प : रविवारी वणीला आईकडे. भाऊबीजेनंतर गेलेलो नाही.

६ जानेवारी
निकितानं मोबाइलवरून यादी काढून दिली. क्लस्टर, थ्राँग, फ्लॉक, स्वार्म, काँग्रिगेट. फ्लॉक मेंढ्यांचा, स्वार्म माश्यांचा. कंपनीत दोन्ही चालतील. 'स्नगल' पण होता, म्हणजे उबेला बिलगून बसणं. छान वाटला म्हणून वहीत पहिला लिहिला. निकिता म्हणाली, पप्पा, हा कंपनीत कृपा करून वापरू नका. कारण सांगेना.
इंग्रजांकडे नुसतं जवळजवळ उभं राहायला एवढे शब्द. आपल्याकडे काय, गर्दी. संपलं.

८ जानेवारी
शब्द : शून्य. थंडी फार. वही गार लागते.

११ जानेवारी, रविवार
वणीला गेलो नाही. अभ्यास होता. जेवणानंतर वही छातीवर घेऊन आडवा झालो तो साडेपाचला उठलो. आईचा फोन. कंपनीचं अर्जंट काम आहे म्हणालो. आई म्हणाली, असू दे बाबा, काम म्होरं. संक्रांतीला ये, लाडू वळून ठिवते.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. संक्रांतीला नक्की.

१४ जानेवारी, संक्रांत
परवा भाषण आहे. या परिस्थितीत वणी शक्य नाही, हे कोणीही मान्य करेल.

१५ जानेवारी, रात्री
बायकोसमोर तालीम केली. 'काँग्रिगेट'च्या पुढे गाडी जाईना. उज्वला म्हणाली, तुम्ही मराठीत का नाही बोलत? बायकांना ऑफिसचं काही कळत नाही.

१६ जानेवारी, सकाळी ७.१०
सरांना फोन केला. म्हणालो, आईची तब्येत बिघडलीय, वणीला निघालोय. सर घाबरलेच. म्हणाले, हडलचं सोडा, आधी आईंकडे बघा.
फोन ठेवला आणि तोंड कडू झालं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, ठणठणीत, आणि पोटच्या पोरानं पाच मिनिटांसाठी आजारी पाडली.

त्याच दिवशी, दुपारी
घरी थांबणं शक्य नव्हतं. पंचवटीत भाजी बाजाराकडे डबा घेऊन बसलो. मग मिसळ खाल्ली. प्रायश्चित्त म्हणून जादा रस्सा घेतला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सरांनी ग्रुपवर बातमी टाकली. चौदा जणांनी हात जोडले. मग पॅकिंगच्या सहादूचा फोन : रविवारी आम्ही समदे येतो म्हातारीला भेटायला, गाडी ठरवलीय. आमच्या कंपनीत कोणाच्या घरी आजारपण असलं की भेटायला गेल्याशिवाय राहवत नाही. सहादूच्या सासऱ्याचं हाड मोडलं तेव्हा सफरचंदं घेऊन मीच सगळ्यांच्या पुढे होतो. आता कोणत्या तोंडानं नको म्हणू? म्हणालो, डॉक्टरांनी गर्दी करू नका सांगितलंय. सहादू म्हणाला, मग दोन-दोन जण आत जाऊ.

१७ जानेवारी, शनिवार
सुट्टी टाकली, आई आजारी आहे ना. आईला खरं सांगून टाकायचं म्हणून तीनदा फोन लावला. दोनदा उचलायच्या आत कापला. तिसऱ्यांदा थंडी कशी आहे विचारलं. आई म्हणाली, थंडीसाठी फोन केला व्हय?
उद्या सहाला उठून सगळ्यांच्या आधी पोचायचं. समोर बसून सांगणं बरं.

१८ जानेवारी, रविवार
उठलो आठला.
अकराला वणीत पोचलो तर गाडी दारात उभी. आत बघतो तो आई खाटेवर, गोधडी हनुवटीपर्यंत. भोवती दहा माणसं. कोणी खाटेच्या कडेला, कोणी पाटावर, जमिनीवर हर्षल सर. उशाशी सफरचंदं. शेजारची विठाबाई चहा करतेय. आई बारीक आवाजात सांगत होती की कालपसून जरा बरं वाटतंय, पोरानं लय धावपळ केली.
मी दारातच उभा राहिलो.
सर म्हणाले, तुमची हडल राहिलीय बरं का. मी म्हणालो, सर, इंग्रजी जरा कच्चं आहे. ते म्हणाले, इंग्रजीत बोला असं कोण म्हणालं? शुक्रवारी तुमच्या जागी सहादू बोलले, खोकी कशी रचायची ते, आपल्या भाषेत. टाळ्या पडल्या.
हे मी विचारलंच नव्हतं.
मंडळी गेल्यावर आई गोधडी सारून उठली. म्हणाली, सहादू आत येऊन तब्येत इचारायला लागला तव्हाच वळखलं, तू कायतरी सांगून बसलायस. पडले मग. म्होरल्या बारीला आधी सांग, केस तरी इचरून ठिवीन. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, तुझा बाप गेला तव्हापसून घरात एवढं कोंडाळं बसलं नव्हतं. कोंडाळं. पंधरा दिवस मी इंग्रजीत काय शोधत होतो कोण जाणे. निघताना तिनं लाडवांचा डबा दिला. संक्रांतीचा.

१९ जानेवारी, सोमवार
आज हडलमध्ये सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवून गेलो. गोलात उभा राहिलो तर सगळे एकदम, आई कशी आहे? बरी आहे म्हणालो. मग स्टोअरवर मराठीत पाच मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. लाडू वाटले. सहादूनं दोन घेतले.
कबुली उद्या. आज सगळे खुशीत होते.

२५ जानेवारी, रविवार
कबुली झालेली नाही. वणीही नाही. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायची होती. टाकली नाही, पण टाकायची होती.
संध्याकाळी आईचा फोन. सफरचंदं गल्लीत वाटली म्हणाली. समदे इचारत्यात, कोण आलतं एवढं. तिनं विचारायच्या आत मीच सांगून टाकलं की उद्या सुट्टी असली तरी झेंडावंदन कंपल्सरी असतं. नसतं.
ती बरं म्हणाली. मग हळूच विचारलं, मंग मी परत कधी आजारी पडू?