गोळी दवाखान्याची, ताट आपलं

आबा,

तुम्ही आयुष्यात एकही आफ्रिकन माणूस पाहिला नव्हता. तरी गेलं वर्ष-दीड वर्ष मी एका घानाच्या बाईबद्दल मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. तुमची आणि तिची गाठ पडली असती तर आधी कडाक्याचं भांडण झालं असतं, आणि मग दोघंही एकमेकांच्या बरण्यांची झाकणं उघडून वास घेत बसला असतात. ती करोनाच्या पहिल्या लाटेत गेली. तिला हॉस्पिटलात धाडणारी मी होते. आणि तुम्हाला ज्यांनी धाडलं नाही, त्यांच्यातही मी होते.

मी नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेलमध्ये राहते. इथे घराघराला एक ठरलेला डॉक्टर असतो, त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. तशा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आहार सांगते. वैद्याची मुलगी परदेशात पथ्य सांगून पोट भरते, हे ऐकून आई हसली असती. साखरेचे आणि रक्तदाबाचे रोगी माझ्याकडे येत आणि मी त्यांना एक छापील चित्र देई : तपकिरी पाव, चीजचा काप, सफरचंद, साय काढलेलं दूध. एकदा डॉक्टर म्हणाले, इथल्या घानाच्या लोकांचं एक मंडळ आहे, शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतात, त्यांच्यात साखर फार आहे, तू जाऊन समजावून सांग. मी चित्रांचा गठ्ठा घेऊन गेले. माझं बोलणं संपेपर्यंत मागच्या भिंतीशी एक उंच, सत्तरीच्या आतबाहेरची बाई हाताची घडी घालून उभी होती. डोक्याला छापील कापडाचा मोठा फेटा. मी थांबले तशी ती पुढे आली.

"तू कुठली?"

"भारतातली."

"तुझा बाप काय खायचा?"

"भाकरी. ज्वारीची, बाजरीची."

"चीज लावून?"

सगळा हॉल हसला. ती हसली नाही. "मग माझ्या माणसांना तू पाव का शिकवतेस?" तिने विचारलं, आणि माझ्या हातातला गठ्ठा घेऊन खुर्चीवर उपडा ठेवला. तिचा आवाज खाली गेला होता, तुम्ही रागावलात की तुमचा जायचा तसा. मी कानकोंडी होऊन उभी राहिले, तर तिने मला दंडाला धरून मागच्या स्वयंपाकघरात नेलं आणि एका पातेल्याचं झाकण काढलं. आत अळू होतं, आबा. सुकी मासळी आणि लाल पामतेल घालून शिजवलेलं, पण अळूच. शेजारच्या पातेल्यात बाजरीची आंबवलेली पेज होती, तिचा वास थेट आपल्या आंबिलीचा. मी वाटी तोंडाला लावली आणि परक्या लोकांसमोर माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आता बोल. काय समजावायचं होतं?"

तिला सगळे आंटी म्हणत. तीस-पस्तीस वर्षं तिने इथल्या वृद्धाश्रमांमध्ये नर्स म्हणून काढली होती. तिच्या लहानपणी घाना स्वतंत्र झाला. शाळा मात्र मिशनचीच राहिली. आजीने दात घासायला दिलेली काडी तोंडात दिसली की छडी, घरची भाषा बोललं की छडी, आणि मधल्या सुट्टीत दुधाची पावडर आणि पाव. घरी गेल्यावर आजीची पेज नको म्हणून तिने एकदा वाडगा ढकलून दिला होता. "झेंडा उतरवला इंग्रजांनी," ती सांगायची, "पण आमच्या जिभेवरून उतरायला तयार नाहीत. मी साठीला आले तेव्हा मला पुन्हा हाताने जेवता यायला लागलं." तिचं ते मंडळ म्हणजे नुसता स्वयंपाकाचा वर्ग नव्हता. इथे आलेल्या माणसांनी पाव, सॉस आणि गोड पेयांवर दिवस काढले होते, कारण आपलं अन्न मागासलेलं असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. ती त्यांना बाजरी, पालेभाजी, शेंगा परत ताटात आणायला लावायची. कुठला पाला कशासाठी, कुठली साल कधी उकळायची, हे तिच्या आजीने सांगितलेलं ती मोठ्याने सर्वांना सांगायची.

मी पुढच्या शनिवारी चित्रं न घेता गेले, आणि मग जातच राहिले. तिथे एका म्हाताऱ्याने एक दिवस फुशारकीने जाहीर केलं, की साखरेच्या गोळ्या मी टाकून दिल्या, आता फक्त आपला पाला. आंटी पळी हातात घेऊनच त्याच्यासमोर उभी राहिली. "गोळी दवाखान्याची, ताट आपलं. एकाचं काम दुसऱ्याला सांगशील तर मरशील आणि नाव माझ्या आजीचं खराब होईल." त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये मी तिला तुमची गोष्ट सांगितली. छातीत कळा येणाऱ्या त्या तालमीतल्या पैलवानाला तुम्ही ओट्यावर चढूसुद्धा दिलं नव्हतंत. जीप बोलवा, सिव्हिलला न्या. त्याचा भाऊ उसळून म्हणाला, वैद्यबुवा, तुमचा तुमच्याच औषधावर विश्वास नाही का? आणि तुम्ही म्हणालात, "विश्वास आहे म्हणूनच त्याला नको तिथे उभं करत नाही." आंटीला हे वाक्य इतकं आवडलं, की तिने ते डचमध्ये माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "तुझे वडील गेले कसे?" मी म्हणाले, घरी, स्वतःच्या खाटेवर, आम्ही सगळे उशाशी होतो. "भाग्यवान," ती म्हणाली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. हॉलला कुलूप लागलं, दवाखान्यात आम्ही फोनवर रोगी पाहू लागलो. डॉक्टर वयस्कर रोग्यांना एकेक करून फोन करत होते, की तुम्हाला करोना झालाच तर हॉस्पिटलात जायचं आहे का, यंत्रावर ठेवलेलं चालेल का. आंटीलाही फोन गेला. तिने सांगितलं, नाही. ती माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एकटी राहायची. मुलगी लंडनला, विमानं बंद. मी तिच्या दारात सामान ठेवायची आणि मागे सरून कठड्याशी उभी राहायची, ती दार किलकिलं करून बोलायची. एप्रिलच्या सुरुवातीला तिला ताप आला. तिने भारतीय वंशाच्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून गोठवलेला कडुनिंबाचा पाला आणि आलं मागवलं, वाफारा घेऊ लागली. तुम्हीही तेच दिलं असतंत. आधी मला धीर आला. मग खोकला वाढला. मी दवाखान्यातून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नेऊन दिलं. घसरलेला आकडा तिने दारातूनच दाखवला आणि हसून म्हणाली, "मी नर्स आहे, मला कळतो."

"मग चला ना. तुम्हीच म्हणता, गोळी दवाखान्याची."

"गोळी, हो. पण तिथे मला गोळी नाही मिळणार. तिथे मला झोपवतील." ती चौकट धरून उभी होती, दर दोन शब्दांनी थांबत होती. "मी पाहिलंय गं. आमचा एक माणूस होता आश्रमात, शेवटी आपलीच भाषा तेवढी उरली होती त्याच्याकडे. ते त्याला थंड दह्याचे चमचे भरवायचे आणि लिहायचे, रोगी सहकार्य करत नाही. मला माझं नाव नीट घेता येणाऱ्या कुणाजवळ मरायचंय. तुझ्या वडिलांसारखं."

तुमच्यासारखं. तुम्ही कसे गेलात ते मी तिला अर्धंच सांगितलं होतं. तुम्हाला न्यूमोनिया झाला होता हे तुम्हाला स्वतःला कळलं होतं. दादाने जीप आणून दारात उभी केली होती. तुम्ही मानेनेच नाही म्हणालात, आणि आई उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणाली, त्यांची इच्छा नाही ना, मग नाही. गावातल्या सगळ्यांना सिव्हिलला पाठवणारा माणूस स्वतः का गेला नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. मग तुम्ही लोडाला टेकून बसलात आणि तुमची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालू राहिली. आडवं होता येत नव्हतं, पाणी जात नव्हतं. भाग्यवान मरण नव्हतं ते, आबा. शेवटच्या सकाळी मालकाला परत द्यायला म्हणून दादाने जीप सुरू केली. तो आवाज ऐकून तुम्ही उजवा हात उचललात. आई म्हणाली, निरोप देतायत. मला वाटलं, थांबवतायत. मी काहीच बोलले नाही. जीप वळून गेली आणि दुपारी तुम्ही गेलात.

म्हणून मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. तिच्या दाराबाहेर उभी राहून, ती ऐकत असताना. डॉक्टर आले, पांढऱ्या झग्यात, चष्मा, मास्क, त्यांचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी तिला वाकून विचारलं, यायचंय का? ती खुर्चीत पुढे झुकून बसली होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "तिला विचारा. तुम्हाला तिने बोलावलंय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "हो. न्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, तो सोसला असता. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे आपण पाहतो, तसं पाहिलं तिने. मग अँब्युलन्स आली तेव्हा स्ट्रेचरचा दांडा धरला आणि स्वतःच चढून बसली.

हॉस्पिटलात भेटायला बंदी होती. नर्स फोनवर सांगायची, खात नाही, पाव परत येतो, कस्टर्ड परत येतं. मी बाजरीची पेज आंबवली, डब्यात भरली आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले. तिथल्या मुलीने सौम्यपणे सांगितलं, बाहेरचं काही आत घेता येत नाही, सगळ्यांनाच नियम आहे. मी पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि ती पेज स्वतः प्यायले, टाकवेना म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला झोपवून यंत्रावर ठेवलं. ती म्हणाली होती तसंच. त्यानंतर ती उठली नाही. तिच्या मुलीने तिला पडद्यावर पाहिलं. मी तेवढंही नाही. त्यांच्यात मयताला शेकडो माणसं येतात, रात्र रात्र ढोल वाजतो, जेवणं होतात. इथे मोजकी माणसं एकमेकांपासून लांब लांब खुर्च्यांवर बसली, कुणी गाऊ नये असं सांगितलेलं होतं, आणि बाहेर पडताना कागदी पेल्यात कॉफी मिळाली.

मुलीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आईने नको सांगितलं होतं. तुम्ही कोण लागत होता तिच्या?"

या उन्हाळ्यात ती घर रिकामं करायला आली आणि मला बोलावून घेतलं. खोक्यांच्या मधे आम्ही दोघी मास्क लावून बसलो. तिने विचारलं, "घरी राहिली असती तर सोपं गेलं असतं का?" मी तिला तुमचं सगळं सांगितलं. खाट, लोड, भाता, जीप, हात. आजवर हे मी कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. ती समोरच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या आईला नाही नेलंत हॉस्पिटलात. तुमच्या वडिलांना नेलंत." तिने मला आतून रेघा कोरलेलं एक मातीचं भांडं दिलं, मिरची वाटायचं. माफ केलं म्हणून नव्हे. लंडनला न्यायला जड होतं, असं तिनेच सांगितलं.

हॉल पुन्हा उघडलाय. मी अजून गेलेले नाही. ऐकते की पेज आता दुसरी कुणीतरी बाई करते आणि तिला आंटीसारखी आंबवता येत नाही, तरी लोक येतात, हाताने जेवतात.

आबा, सिव्हिलला जाणं इतरांसाठी बरोबर आणि तुमच्यासाठी चूक कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित तुम्हाला भीती वाटत असेल. तिलाही वाटत होती, पण तिने ती निदान तोंडाने सांगितली. तुम्ही सांगितलं असतंत तर मी दादाच्या जीपपुढे आडवी झाले असते, असं आता म्हणायला सोपं आहे.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, मला माहीत आहे. कागद घडी करून ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात, पन्नाशी आली म्हणून, माझं स्वतःचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, वडील कशाने गेले? मी म्हणाले, म्हातारपणाने. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तुम्ही तेव्हा माझ्या आत्ताच्या वयाचे होता.