बारावं दार

३ जानेवारी २०००
रक्षाले म्हटलं, लिही. नात अकरावीत गेली, काही तं कामाची हो! मले अक्षर येत नाई, तोंड तेवढं येते.
हिंगणीत पिवळी कार्डं आली—गरिबाईची, स्वस्त धान्याची. बंडूजीले भेटलं! दारात ट्रॅक्टर, गच्चीवर टीव्हीची छत्री, खाली किराणा. आमच्या ओळीत एकतीस घरं, एकालेही नाई. आमची गरिबी साहेबाले नीट दिसली नसन.

७ जानेवारी
वच्छलाबाई दारोदार फिरली. एकटी बाई, रोजीनं जाते, पण कोणाले भीत नाई. तिचं म्हणणं एकच—"घेऊ तं एकतीसच्या एकतीस." दार आलं की ती बोट मोडे, मागून रक्षा नाव लिहे. वच्छलाबाईले वाचता येत नाई, पण मोजणं पक्कं. तिचं दार बारावं, आमचं एकोणिसावं.

८ जानेवारी
रक्षानं घरी बसून पक्का अर्ज उतरवला. मी म्हटलं, आपलं नाव पहिलं घे वं, लिहिणाऱ्याच्या घरी एवढा तं मान पाहिजे! गंमतच होती. तिनं घेतलं. साऱ्याईले भेटायचंच आहे, वर काय अन् खाली काय.

१७ जानेवारी
सेलूच्या कचेरीसमोर धरण्याचा सहावा दिवस. अर्ध्या बाया सतरंजीवर, अर्ध्या गिट्टीवर. मजुरी बुडून राह्यली. साहेबाची जीप येते, धूळ देऊन जाते—तेवढं बिनाकार्डाचं भेटते. वच्छलाबाई भाकरी वाटते, उरली तं खाते.

१९ जानेवारी
साहेब म्हणे, कोटा बाराचाच आहे. अर्जातले पहिले बारा घेतो, बाकीच्याईचं पाहू.
बारा बाया उठल्या. मीही उठली. चप्पल सापडत नव्हती, तेवढा वेळ खाली पाहाले बरं झालं.
वच्छलाबाई तेरावी निघाली. तिनं दोनदा विचारलं—साहेब, मोजण्यात चुकलं काय? साहेबानं कागदच पुढं केला. तिले काय वाचता येते!

२० जानेवारी
सतरंजी ज्याची होती तो घेऊन गेला.

२६ जानेवारी
शाळेत झेंडा झाला. लाडू वाटले, ओळीनं. मागच्या पोराईले अर्धा अर्धा.

२ फेब्रुवारी
गहू आणला. चांगला आहे मेला, खडा नाई. पायलीभर वच्छलाबाईकडं नेला. ती अजूनही कचेरीसमोर जाऊन बसते, एकटीच. म्हणाली, "एकतीस झाले की खाईन."
परत आणला. दळला. पोरी जेवल्या, मीही जेवली. गोड लागला, काय करता!
आम्ही एकतीस होतो तं साहेब घाबरे. फोडाले त्याले काठी लागली नाई, पोलीस लागला नाई. माही गंमत पुरली.
रक्षाले म्हटलं, हे खोड. खोडत नाई ती.

१४ फेब्रुवारी
वच्छलाबाई आली. ओट्यावरच बसली. रक्षाले म्हणाली, "नवा अर्ज लिहा लागते, पोरी. या बारीनं दारादारानं लिहिजो. बारावं माहं."
मी चूल फुंकत बसली. चांगली पेटलेली होती.
"अन् तुह्या आजीचं एकोणिसावं. ते गाळू नोको."