वाकसाचं तोंड उजवीकडं

आबा, आधी माफी करा. तिसरीतनं शाळा सुटली, म्हणून लिहिण्यात चुका हायत आन हात लई सावकाश चालतो. लढाईमुळं कागद मिळंना, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते. तुमाला जाऊन आठ वर्सं झाली.

काल चावडीत गेल्ते. तुमच्या चुलत भावानं तलाठ्यापुढं कागद ठेवला, तुमी आपली पडवी त्याला लिहून दिली म्हणून. घर म्हंजे आपलं तेवढंच. आई नि मी तिथंच रांधतो, तिथंच निजतो. कागदाखाली तुमची निशाणी. ज्याला लिहिता येत न्हाई त्यानं आपलं हत्यार काढायचं: कुणब्यानं नांगर, न्हाव्यानं आरसा, आपुन सुतारांनी लाकूड तासायचा वाकस. वाकस हुता खरा, पर त्याचं पातं डावीकडं. तुमी डावखुरे, हात उलटा चालायचा. तुमच्या वाकसाचं तोंड कायम उजवीकडं.

म्हणून मी पीठ मळायची लाकडी काथवट डोक्यावर घिऊन गेल्ते. तिच्या बुडाला तुमची निशाणी हाय.

"काय गं, चावडीत भाकरी थापतीस व्हय?" चुलता म्हनला. समदे हसले. माझी मान खाली.

"पोरी, वर बघून बोल," तलाठी म्हनले.

मी काथवट पालथी केली. वाळल्या पिठाची खपली गळाली. "ही माझ्या आबांची निशाणी. कागदावरची दुसऱ्याची हाय." काथवट मी तलाठ्यांच्या पुढ्यात सारली. पाटील वाकून म्हनले, "माझ्या दाराच्या चौकटीवर बी त्याची अशीच हाय." मग तलाठ्यांनी चुलत्यालाच वाकस काढायला लावला. त्यानं काढला. पातं डावीकडं! तलाठ्यांनी कागद बाजूला सारला. पडवी आपलीच ऱ्हायली.

मला ती दुपार दिसती. मी सहा वर्सांची हाय. तुमी नवी काथवट गुडघ्यात धरलीया, नि मी कोरायच्या पटाशीसाठी रडतीय. तुमी ती माझ्या मुठीत देता, वरनं तुमचा डावा हात ठेवता. माझा हात वळवळतो तशी तुमी दटावता, "नीट धर. ही माझी सही हाय, चिमणी न्हाई."

हे पान तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवते. एक चावडीत बोलले न्हाई. काथवटीवरची निशाणी मी कोरलीया. हात तेवढा तुमचा हुता.

सकाळी शेळी व्याली. दोन करडं, एक काळं-पांढरं, बांडं.