चौथं बटण

तारीख १२, सोमवार

ती. काकांना,

नमस्कार. पाया पडायला मी समोर नाही, ते दोघांच्याही दृष्टीने बरं. तब्येत ठीक आहे. काकूचे गुडघे कसे आहेत?

पत्र कुठून आलं म्हणून दचकला असाल. तुम्ही जुना रेडिओ ज्या दुकानात दुरुस्तीला पाठवलात, तिथे मी कामाला आहे. खोकं मीच उघडलं. सोबतची तुमची चिठ्ठी मालकांनी मोठ्याने वाचली: "चारही बटणं हुबेहूब हवीत, जुन्या रेडिओंच्या प्रदर्शनात पहिला नंबर यायला हवा. जुनी बटणं पुतण्याने चोरली." मालक म्हणाले, "काय कार्टं असेल रे!" मी म्हटलं, "असतात एकेक."

रेडिओ आता गातोय. बटणांनी मात्र जीव खाल्ला. बटण ज्यावर बसतं ती तुमच्या सेटची दांडी एका बाजूने चपटी. साधं बटण बसवलं तर नुसतं गरगर फिरतं, काटा जागचा हलत नाही. शेवटी भंगारात तसलाच एक फुटका सेट सापडला, तो मी पदरच्या पैशाने घेतला. तपकिरी बटणं, कडेला पितळी कडं. अगदी तुमचीच.

बसवण्याआधी लाकूड पुसलं तर रंग फडक्याला आला. रंग कसला, बुटाचं पॉलिश! तुमचं ते तांबूस. रोज सकाळी तुमचे बूट मीच चमकवायचो, तो वास मी झोपेतही ओळखेन. आणि डबी तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. पॉलिशखाली चाकूचे ओरखडे निघाले, चारही दांड्यांभोवती.

काका, त्या बटणाच्या पोटात बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की बटण अलगद हातात येतं. पुसायला मीच काढायचो, तुमच्या डोळ्यांदेखत. मी कशाला चाकू घालीन? बटणं गेली त्याच आठवड्यात तुमच्या चिरंजीवांच्या अंगठ्याला पट्टी होती. "दारात सापडला," म्हणाले होते.

म्हणजे ओरखडे तुम्ही पाहिलेत. कोणाचे तेही तुम्हाला कळलं. मग वर पॉलिश चोळलंत आणि मला दारात उभं केलंत.

शेजारपाजार गोळा केलात. "बिनबापाचं पोर, हात लांब असायचेच!" ते मी गिळलं. थोबाडीत दिलीत, तीही गिळली. पण आई पुढे आली. माझ्या खिशाकडे बघत हळूच म्हणाली, "असतील तर देऊन टाक रे."

ते नाही गिळलं जात. तुमच्याच घरात राहते ती, पण माझ्या एकाही पत्राला तिचं उत्तर नाही.

तर ऐका आता. तीन बटणं बसवलीत. चौथं, स्टेशन लावायचं, माझ्याकडे आहे. मालकांनी विचारलं, "चौथं कुठंय?" म्हटलं, "त्याचं घरून उत्तर यायचंय." सेट उद्या निघेल. तेच शेजारी परत बोलवा. आईला पुढे बसवा, चिरंजीवांना बाजूला उभं करा आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगा. मग आईने, तिला लिहिता येत नाही म्हणून, खालच्या शिंप्याकडून मला पत्र लिहून घ्यावं. तिचं बोलणं मी कागदावरही ओळखतो, तेव्हा मधे हुशारी करू नका. पत्र पोचलं की बटण निघालं.

नसेल जमत तर राहू दे. प्रदर्शनात येईल तो विचारेल, ही दांडी बोडकी का? मग पुतण्याला शिव्या द्या खुशाल. ओरखडे मात्र मी पॉलिश काढून लख्ख पुसून ठेवलेत. ज्याला डोळे आहेत तो बघेल.

घाबरू नका, मी परत यायचा नाही. तुमच्या घरातलं मला काही नको. आईच्या मनात घातलंत तेवढं काढून घ्या.

'आपला' लिहायला हात धजत नाही.

तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा