भरलेल्या ओढ्याचे दोन मानकरी

लोस साबिनोस, न्यू मेक्सिको
२० एप्रिल १९४९

ती. प्रिमितिवाआत्यास लिओकादियाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, नाहीतर मला चैन पडायची नाही. घरापुढचा ओढा आजोबांनी भरून काढला, असं मी लिहिलं होतं. ते मी पाहिलेलं नाही, आजोबांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. अल्बुकर्कीत तू कुणाला सांगून बसली असशील, तर कृपा करून शब्द परत घे.

ओढा भरतोय हे मात्र खरं. ज्याने तुझ्या लहानपणी आपलं स्वयंपाकघर चुलीसकट गिळलं, ज्याचं पात्र इतकं खोल गेलं की पाटाचं तोंड वर अधांतरी लटकत राहिलं, त्याच ओढ्यात आता गाळ साचून गवत आलंय. पाणी पाटाला लागायला कमरेएवढी उंची उरलीय. बाबा म्हणतात, तेवढं भरलं तर पाट वाहील आणि शेत पेरू. नाहीतर थंडीच्या आत सामान बांधून तुझ्याकडे शहरात. आई रोज सकाळी काठावर जाऊन उभी राहते आणि किती भरलं ते बघून परत येते.

ओढा खणला कुणी, यावर आजोबा आणि पलीकडच्या काठावरचे तेओफिलोकाका माझ्या जन्माआधीपासून भांडताहेत. आजोबा त्यांच्या मुलाचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता, म्हणजे दोघे कोम्पाद्रे, आणि कोम्पाद्रेला वाईट बोलणं पाप. म्हणून शिव्यासुद्धा अहो-जाहो करून. आजोबा म्हणायचे की कोम्पाद्रे, आपल्या गाडीच्या चाकोरीतून पाणी धावलं, आपले फार उपकार. काका म्हणायचे की छे छे, आपल्या मेंढरांनी गवत मुळासकट खाल्लं, देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

आता ओढा भरू लागल्यावर दोघांनी भाषा उलटी केलीय. आजोबा सांगतात, मी मेंढरं कमी केली म्हणून ओढा भरला. काका सांगतात, मी गाडीवाट टेकडीवरून नेली म्हणून भरला. ज्याने भरला त्याचं गवत, म्हणून शेतकऱ्यांच्या संताच्या, सान इसिद्रोच्या, सणाच्या दुसऱ्या दिवशी दोघेही आपापली मेंढरं खाली उतरवणार. मग गवत संपणार, आणि जुलैतला पहिला लोंढा सगळं पुन्हा खरवडून नेणार. मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, घरात तू एकटी शाळेत गेलीस, पण शाळेत मेंढरं नव्हती.

काय करू ते कळव. तुझी माया आहे तशी असू दे.

लिओकादिया


अल्बुकर्की
२८ एप्रिल १९४९

चि. लिओकादियास आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र घरमालकीण लिहून देतेय. ती मध्येच आपलं घुसडते, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मुलीचं बरोबर आहे. घ. मा.)

अगं, माझ्या बापाला तू कारणं समजावतेस? त्यापेक्षा खेचराला जपमाळ शिकव. त्यांना गप्प करणारा एकच, सान इसिद्रो. संत स्वप्नात आला, म्हणाला ओढा मी भरला, गवत माझं, असं सांगून मोकळी हो. संताचं गवत चारायची दोघांची छाती व्हायची नाही.

शहरात यायचंच झालं तर या, पण खोली एक आणि मी घोरते. (फार. घ. मा.)

माझी आठवण ठेव, आणि थोडं खोटं बोलायला शिक.

प्रिमितिवाआत्या


लोस साबिनोस
६ मे १९४९

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सान इसिद्रो स्वप्नात आले नाहीत. खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून, खरंच या, अशी मी रोज प्रार्थना केली. आलं ते तेओफिलोकाकांचं खेचर, आणि तेही काही बोललं नाही.

शेवटी मी स्वतः ओढ्यात उतरले. उभ्या काठात, वरच्या जमिनीपासून माझ्या उंचीच्याही बऱ्याच खाली, कोळशाचा काळा पट्टा आहे, कुणाची तरी जुनी चूल. तिच्याखाली गोट्यांनी भरलेलं आणखी एक जुनं पात्र. म्हणजे इथे मेंढरू किंवा गाडी यायच्या आधीच ओढा एकदा खणला गेला आणि एकदा भरला. मागे आलेला सरकारी माणूसही म्हणाला होता की पाऊस, मेंढरं, वाट, सगळ्यांचाच हात असतो, आणि थोडा ओढ्याचा स्वभाव. मी आजोबांना कोळसा दाखवला. ते म्हणाले, म्हणजे तेव्हाही आपल्याच पूर्वजांनी भरला.

तेव्हा कुणी भरला ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण भाकरी थापताना एक गोष्ट डोक्यात आली. मेंढरं कमी केल्याने ओढा भरला असेल, तर मेंढरांनीच तो खणला होता. वाट हलवल्याने भरला असेल, तर वाटेनेच खणला होता.

सणाला संताची मिरवणूक आपल्या काठावर थांबते, तेव्हा सगळं गाव तिथे असतं. तिथे मी दोघांना हात जोडून विचारणार: ज्यांनी ओढा भरला त्यांनी पुढे यावं, आपण तो खणला कसा ते आधी सांगावं, आणि मग खुशाल गवत घ्यावं. कुणीच पुढे आलं नाही, तर गवत कुणाचंच नाही, आणि बाबा तिथल्या तिथे गवताभोवती कुंपणाची तार ओढतील. बाबांना हे पटलंय. आई हसली; वर्षभरात पहिल्यांदा.

भीती एकच. आजोबा हट्टाने पुढे आलेच तर? तर गवत त्यांचं. मी शब्द फिरवणार नाही, आणि तू खोली झाडून ठेव.

घरमालकीणबाईंना नमस्कार. लोभ धरलास तसाच धरून ठेव. विचारणार आहे ते रविवारी, १५ मे रोजी.

लिओकादिया