एस्तेरचं काम

रवि. २ नोव्हें.
नाताळपर्यंत दर रविवारी संडेस्कूलच्या पोरांना कुणीतरी आपलं रोजचं काम दाखवायचं, ही कल्पना माझीच. म्हणून पहिला नंबर माझा. शिलाई मशीन रिक्षात घालून चर्चमध्ये नेलं. ब्लाऊज उलटा करून दाखवला. म्हटलं, बाहेरची शिवण गिऱ्हाईक बघतंय, आतली प्रभू बघतोय. गाजावाजा न करता, लपून केलेलं काम त्याला जास्त आवडतं. दोघं दंगा करत हुती, त्यांना पट्टी बसली. बाकीची गप्प ऐकत हुती.
भिंतीवर तक्ता लावला. ज्यानं त्यानं घरातलं एक काम प्रभूसाठी रोज करायचं. केलं की एक चांदणी. कुणी भांडी, कुणी केर. आमच्या बोळातली एस्तेर (वय ९) म्हणाली, "मी सांजंला मोठ्यानं गाणं म्हणीन." लई आवडलं मला.

रवि. ९
आज एस्तेरचा बाप डॅनियल. उचगावात फॅब्रिकेशनचं दुकान. चर्चचं नवीन गेट तोच करतोय, फुकट. काळी काच धरून पोरांनी वेल्डिंग बघितलं, येडी झाली. "पाईप मोडंल, पण जोड मोडता कामा न्हाय," म्हणाला. चर्चच्या पंचांनी टाळ्या वाजवल्या. मीपण. (बायको लीला आली न्हाय. ताप म्हणे.)
एस्तेरच्या सात चांदण्या, सगळ्यांत जास्त. सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, हिच्या घरातनं रोज भक्तीचा आवाज येतोय. फक्त दुसरं कडवं पाठ कर की गं, पहिलंच घोळवत असतीस!" पोरं हसली. डॅनियल खाली मान घालून बसला. मला वाटलं, केवढा नम्र माणूस.

गुरु. १३
लीला नाताळच्या ब्लाऊजचं माप द्यायला आली. दंडाला टेप लावली तशी कळवळली. बाही वर केली मी. काळानिळा दंड, आणि बोटभर भाजलेलं.
"ठिणगी उडली, आक्का."
"तू कधीपास्नं वेल्डिंग करायला लागलीस?"
बाही खाली ओढत म्हणाली, "बाह्या कोपराच्या खाली घ्या. गळा बंद."
ती गेल्यावर एस्तेरला नळावर गाठलं. विचारलं, गाणं कधी म्हणतीस गं?
"पप्पा मम्मीला मारत्यात तवा. शेजारी ऐकू गेलं की मम्मीला लाज वाटती. तुमीच म्हणलासा न्हवं, लपून केलेलं काम प्रभूला आवडतंय."
लपून करा म्हणून शिकवलेलं मीच. चांदण्यापण मीच चिकटवल्या. जेवण गेलं न्हाय.

शनि. १५
डाव्या हातानं लिहितेय. कोंबडी नाचल्यासारखं अक्षर.
काल सातला गाणं सुरू झालं. कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि धावले. दार नुसतं लोटलेलं. लीलाचे केस त्याच्या मुठीत, डोकं स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आपटत हुता. एकदा. दोनदा. मी बघितलं. कट्ट्यावर रक्त, रक्तात पीठ. एस्तेर भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, पहिलं कडवं.
मारला मी त्याला. पाठीवर, खांद्यावर, परत पाठीवर. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. त्यानं मला ढकलत बाहेर काढलं आणि दार आपटलं. माझा उजवा हात चौकटीत हुता. दोन बोटं मोडली. मी किंचाळले तेव्हा बोळ जमला. इतके दिवस सगळ्यांनी गाणंच ऐकलं.
लीलाच्या डोक्याला नऊ टाके. चौकीवर तक्रार दिली. लीलानं अंगठा न्हाय, चक्क सही केली.

सोम. १७
पंच घरी आले, संगं पास्टर. चहा केला न्हाय.
"आक्का, नाताळ तोंडावर आलाय. गेट अर्धं झालंय. घरातलं घरात मिटवू."
"माझी बोटं कुठल्या घरातली?"
"तुम्हीच गज घेऊन गेलासा की! पोरांना काय शिकवणार तुम्ही?"
म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पास्टर हळूच म्हणाले, क्षमा. म्हटलं, ती लीला करंल न्हायतर न करंल. तिच्या वतीनं तुम्ही करू नका.
गेल्यावर रडले. गजाचं त्यांचं अगदीच चुकीचं न्हाय. मला बरं वाटलं हुतं की.

रवि. २३
हात बरा होईपर्यंत वर्ग घेऊ नका, असा पंचांचा निरोप. तरी गेले. आधी माझी मारायची पट्टी पोरांसमोर मोडली. म्हटलं, मी चुकले. काही कामं लपून करायची नसतात. कुणी कुणाला मारत असंल तर बोंबलायचं, हेपण प्रभूचंच काम. आणि तक्त्यावरच्या एस्तेरच्या चांदण्या काढायला लागले.
ती हमसून हमसून रडली. "मी काय केलं, बाई?"
माझ्या अकलेचं दिवाळं! सगळ्या परत चिकटवल्या. एक वाकडी बसली.

मंगळ. २ डिसें.
इतके दिवस पावण्यांकडं ऱ्हायलेली लीला पोरीसंगं परत घरी गेली. डॅनियल चार पावणं घेऊन तिथं आला, तिच्या पायाशी गुडघे टेकले, रडला. चौकीवर तिनं सांगितलं, पाय घसरून पडले. मला म्हणाली, "आक्का, जाऊ कुठं?" माझ्या घरात ये म्हटलं. नुसती हसली.
बोळात डॅनियल भेटला. "सलाम, आक्का. बोटं कशी हायत?" थुंकले मी.
एस्तेरला नळावर सांगितलं, गाणं बंद. दार उघडायचं आणि सुलूआक्का म्हणून बोंब मारायची.
"मम्मी नको म्हणाली तर?"
"तरीबी."
"मम्मी चिडंल."
"चिडू दे. मी हाय."

शनि. ६
गेट बसलं. फोटो काढले, डॅनियलला हार घातला.
सात वाजले. बोळात सगळ्या घरांतनं नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस. त्यात एस्तेरचं पण. प्रॅक्टिसच असंल. सगळी म्हणतायत, ती न्हाय म्हणणार व्हय? उगंच मी कान लावून बसलेय.
पहिलं कडवं झालं.
परत पहिलंच.
दुसरं तिनं परवा मला म्हणून दाखवलं हुतं. पाठ हाय तिला आता.
तिसऱ्यांदा पहिलं. आवाज चढतोय. गज कपाटामागं टाकलाय, काढत न्हाय. काढू?
गाणं मधेच तुटलं. त्यांच्या दाराची कडी वाजली. "सुलूआक्काऽ"