जांभळे ॲस्टर आणि न म्हटलेलं थँक यू

प्रिय आर्डिस आत्या,

तर परवा फोनवर आपण ॲस्टरपर्यंत आलो होतो आणि माझं चार्जिंग संपलं. (संपलं नव्हतं. येते त्यावर.) आधी नमस्कार घे. नवा खुबा काय म्हणतोय? कार्लाताई तिच्या घरचा जिना चढू देते का, की अजून सोफ्यावरूनच हुकूम सोडतेस? बाबा म्हणाले, तू वॉकरला कुणाचं तरी नाव ठेवलंयस. (कुणाचं ते सांगेनात, म्हणजे बहुतेक त्यांचंच.)

ॲस्टर फुललेत. इथे मेपलची पानं गळतायत, टोमॅटोंनी मान टाकली, आणि नेमकी आत्ताच ही छातीएवढी झुडपं जांभळी होऊन उभी आहेत, मध्ये पिवळा डोळा, अंगभर मधमाश्या. पार्टीतले सगळे घरी निघाले की नटूनथटून यावं, तशी. सोबत फोटो ठेवलाय, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. सकाळची कॉफी मी तिथेच उभ्याने पिते.

घर माझ्यावर सोपवून जाताना तू फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी मी रोज वाचत होते: ‘ब्रिटा, पाणी घाल, बाकी बागेला हात लावू नकोस.’ पण मे महिन्यात मी बागकामाचे चाळीस व्हिडिओ बघितले होते, आणि एवढं शिकून नुसतं बसवत नाही गं. जूनमध्ये कुंपणाकडची ओळ साफ केली, तण कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलं, आणि उरलेल्या गुणी रोपांना खत घातलं, काठ्या बांधल्या, रोज गुड मॉर्निंग म्हटलं. ऑगस्टमध्ये ती माझ्या डोक्यावर गेली. मग पोस्टमन ड्वेन शिंकायला लागला, मग समोरचे, मग अख्खी गल्ली. ड्वेन नाक पुसत म्हणाला, “पोरी, हे शिंकांचं तण आपोआप उगवलेलं मी खूप बघितलंय. काठीला बांधलेलं पहिल्यांदाच बघतोय.”

शिंका ऐकून शेजारच्या प्रुइटबाई उतारा म्हणून पुदिन्याची मुळी घेऊन कुंपणाशी आल्या. हो, त्याच. ज्यांना तू अकरा वर्षांपूर्वी आजीच्या शेतावरच्या ॲस्टरच्या मुळ्या दिल्यास आणि ज्यांनी साधं थँक यू म्हटलं नाही. दर थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर तू जी गोष्ट वाढतेस, त्यातल्या. आपण तरी नीट वागावं म्हणून मी मोठ्याने थँक यू म्हणाले. बाई किंचाळल्याच. “गप! मारतेस का त्याला?” त्यांच्या केंटकीत म्हणे दिलेल्या रोपाचे आभार कुणी मानत नाही. मानले की ते मूळच धरत नाही. थँक यू परत घ्यायला लावलं त्यांनी मला. मी “कसला हा फडतूस पुदिना” म्हटलं, तेव्हा कुठे शांत झाल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आत्याने ॲस्टर दिले ना, तेव्हा तोंडातून निघेल या भीतीने मी ओठ चावत घरात पळाले होते. आता बघ कसे माजलेत. पण त्यानंतर बोलतच नाही गं ती माझ्याशी. काय झालं कुणास ठाऊक.”

ते तुझं तू सांगावंस.

तुझी,
ब्रिटा

ता. क. फोटोतलं कुंपण मी कापलंय. फुलं त्याच्या पलीकडची आहेत. जूनमधल्या कागदी पिशव्यांत काय गेलं, ते आता तुला कळलं असेल. (परवा फोनवर चार्जिंग संपलं, ते म्हणूनच.) आजीचं शेत तर विकलंच, त्यामुळे तिचे ॲस्टर आता फक्त प्रुइटबाईंकडे उरलेत.

ता. क. २. प्रुइटबाई पाच मुळ्या परत द्यायला तयार आहेत, पण माझ्या हातात नाही. (पुदिना मेला. पुदिना, आत्या!) शनिवारी तू गाडीतून उतरलीस की त्या कुंपणाशी उभ्या असतील. थँक यू म्हणायचं नाहीये, आणि अकरा वर्षांनी नुसतं गप्प उभं राहूनही चालणार नाही. मला तरी “कसली ही फडतूस फुलं!” बरं वाटतंय. तुला काय वाटतं?